यादीत पहिलं नाव कुणाचं?

वाचकाचं पत्र (थोडं काटछाट करून)

डॉक्टर ताई, नमस्कार. मी २९ वर्षांची. एमबीबीएस भारतात झालं, लग्नानंतर ओहायोला आले. नवरा एच-१बी व्हिसावर आहे, त्याचा ग्रीन कार्डासाठीचा आय-१४० अर्ज मंजूर झालाय, म्हणून माझ्याकडे एच-४ ईएडी, म्हणजे नोकरी करायचा परवाना आहे. मुलगा अडीच वर्षांचा. यंदा पहिल्यांदाच रेसिडेन्सीच्या (म्हणजे इथल्या पदव्युत्तर प्रशिक्षणाच्या) मॅचमध्ये उतरले; उमेदवार आणि प्रोग्राम दोघांच्या पसंतीक्रमावरून त्यात जागा ठरते. इंटर्नल मेडिसिनचे (मोठ्यांचे आजार) तीन आणि पेडियाट्रिक्सचे (बालरोग) पाच इंटरव्ह्यू झाले. आता रँक लिस्ट, म्हणजे पसंतीची यादी, भरायची आहे.

माझं मन पेडियाट्रिक्सकडे ओढतं. सासरे म्हणतात, तिथल्या जागा रिकाम्या राहतात म्हणजे काहीतरी काळंबेरं असणार; मेडिसिन कर, पुढे कार्डिओलॉजी कर. नवरा म्हणतो, मेडिसिन वर टाक, पेडियाट्रिक्स काय, मिळणारच आहे, ते खाली असू दे. मैत्रीण म्हणते, जिथे खात्री आहे तेच पहिलं लिही, नाहीतर पहिला नंबर फुकट जातो. पाचातला एक प्रोग्राम अगदी नवा आहे, तिथे आत्ता कुठे दुसरी बॅच चालू आहे. तो लिस्टमध्ये घालू का? शिवाय काही राज्यांत आता रेसिडेन्सीशिवाय लायसन्स मिळतं, असं व्हॉट्सॲपवर फिरतंय. मग एवढा खटाटोप कशाला, असंही घरात बोललं जातं. रोज रात्री नवी यादी लिहिते आणि सकाळी फाडते. — नाव छापू नका.

उत्तर

तुला ‘तू’ म्हणते, राग मानू नकोस. तिघंही तुझं भलंच चिंततात, पण तिघांचंही गणित वेगवेगळ्या जागी चुकलंय. मैत्रिणीपासून सुरू करते, कारण तिची चूक सगळ्यात महागात पडेल.

पहिला नंबर ‘फुकट’ जात नाही. मॅच चालतं कसं बघ. संगणक तुझी यादी हातात घेतो आणि तुझ्या पहिल्या पसंतीच्या प्रोग्रामकडे जातो. त्यांनी तुला यादीत घेतलंच नसेल, किंवा त्यांच्या जागा तुझ्याहून वरच्या उमेदवारांनी भरल्या असतील, तर तो तुझ्या दुसऱ्या पसंतीकडे वळतो. त्या दुसऱ्या प्रोग्राममध्ये एखाद्याला तात्पुरती जागा मिळालेली असेल आणि प्रोग्रामच्या यादीत तू त्याच्या वर असशील, तर तो बाजूला होतो आणि तू आत जातेस. तू त्यांना दुसरं लिहिलंस की आठवं, हे ना प्रोग्रामला दिसतं, ना त्याने तुझं काही कमी होतं. १९९८ पासून हे गणित उमेदवाराच्या बाजूने झुकवलेलं आहे. ते नव्याने बसवणाऱ्या ॲल्विन रॉथ यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. अशा जोडण्यांच्याच अभ्यासासाठी मिळालं. तेव्हा इथे चतुराई करायला जागा नाही. मनात जो क्रम आहे, तोच कागदावर उतरव.

आता नवरोबांकडे वळू. ‘पेडियाट्रिक्स मिळणारच आहे, ते खाली ठेव’ या वाक्यात दोन भोकं आहेत. पहिलं असं की मिळणारच असं काही नसतं. २०२५ च्या मॅचमध्ये अमेरिकेचं नागरिकत्व नसलेल्या परदेशी पदवीधरांपैकी साधारण ५८ टक्क्यांनाच जागा मिळाली. आठ इंटरव्ह्यू वाईट नाहीत, पण बिनघोर झोपावं इतकेही नाहीत. म्हणून जिथे तीन वर्षं काढायची तुझी खरोखर तयारी आहे, ते सगळे प्रोग्राम यादीत हवेत. दुसरं भोक जास्त मोठं आहे. मेडिसिनचे तीन वर लिहिलेस आणि त्यातला एक लागला, तर यंत्र पेडियाट्रिक्सपर्यंत पोहोचणारच नाही. निकाल बंधनकारक असतो. नवऱ्याला वाटतंय की पेडियाट्रिक्स राखीव ठेवून मेडिसिनचा ‘चान्स’ घेतोय. यंत्र मात्र त्याचा अर्थ ‘हिला मेडिसिन हवंय’ असाच घेणार, आणि तेच देणार.

एक सांगून ठेवते. इंटरव्ह्यूनंतर ‘वी विल रँक यू हायली’ छापाचं गोड ईमेल आलं असेल तर त्यावर एकही निर्णय उभा करू नकोस. दर फेब्रुवारीत मी आमच्या प्रोग्रामच्या रँक मीटिंगला बसते. पडद्यावर एकेक फोटो येतो, दोन मिनिटं बोलणं होतं, कुणीतरी म्हणतं “ही थोडी वर घेऊ”, कॉफी गार होते, पुढचा फोटो येतो. ते ईमेल कुणाला गेलं होतं याची त्या खोलीत कुणाला आठवणही नसते.

सासऱ्यांच्या शंकेला मात्र मी हसणार नाही, कारण ती साधार आहे. २०२४ च्या मॅचमध्ये पेडियाट्रिक्सच्या अडीचशेच्या आसपास जागा रिकाम्या राहिल्या. भरल्या त्या साधारण ९२ टक्के. पुढच्या वर्षी आकडा ९५ च्या पुढे गेला. आता यातून काय वाचायचं? माझं मत विचारशील तर फार काही नाही. का, ते जरा सविस्तर सांगते.

या देशात डॉक्टरांच्या संख्येची भाकितं करायचा धंदा जुना आहे, आणि त्याचा हिशोब फारसा अभिमानाचा नाही. १९८० साली सरकारने नेमलेल्या समितीने सांगितलं की १९९० पर्यंत ७०,००० डॉक्टर जास्तीचे होतील. ती ‘जास्तीचे डॉक्टर’ची हवा नव्वदच्या दशकातही टिकली, आणि १९९७ च्या कायद्याने मेडिकेअरकडून (वृद्धांच्या सरकारी विम्याकडून) रेसिडेन्सीच्या जागांना मिळणारा पैसा हॉस्पिटलागणिक १९९६ च्या आकड्यावर गोठवला. मग वारं फिरलं. २००६ मध्ये मेडिकल कॉलेजांच्या संघटनेनेच म्हटलं, प्रवेश ३० टक्क्यांनी वाढवा, डॉक्टर कमी पडणार. कॉलेजं वाढली, ऑस्टिओपॅथीची (डॉक्टर होण्याचा इथला दुसरा पदवीमार्ग) तर झपाट्याने वाढली, पण गोठवलेला पैसा तसाच राहिला. २०२० च्या अखेरीस काँग्रेसने (इथल्या संसदेने) १,००० जागांसाठी वाढीव पैसा मंजूर केला, तोही वर्षाला २०० च्या हप्त्याने. त्याच संघटनेचा २०२४ चा अंदाज म्हणतो, २०३६ पर्यंत १३,५०० ते ८६,००० डॉक्टरांचा तुटवडा. या दोन आकड्यांच्या मधून अख्खा हत्ती जाईल!

हे झालं एकूण संख्येचं. एकेका शाखेचं भाकीत तर त्याहून तकलादू. मी १९९८ मध्ये इंटर्न म्हणून रुजू झाले. आयसीयूत रात्री कुणाचा श्वास अडकला की ॲनेस्थेशियाचा एक सीनियर रेसिडेंट नळी घालायला धावत यायचा. शांत माणूस, भारतातलाच. तो मॅचमध्ये उतरला तेव्हा ॲनेस्थेशियात नोकऱ्या उरणार नाहीत अशी बोंब होती, आणि अमेरिकन मुलांनी त्या शाखेकडे पाठ फिरवली होती. त्याला तिथे शिरकाव मिळाला तोच त्यामुळे. घरचे म्हणायचे, चुकलास. तो बाहेर पडला तेव्हा भूलतज्ज्ञ मिळेनासे झाले होते, आणि त्याने तीन ऑफर्समधून निवड केली. त्याने काही भविष्य ओळखलं नव्हतं. त्याला ते काम आवडायचं, बस.

२०१६ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेतले दिग्गज जेफ्री हिंटन म्हणाले होते की रेडिओलॉजिस्ट घडवणं आत्ताच थांबवा. आज रेडिओलॉजीची जागा मिळवायला मुलं जिवाचं रान करतात आणि हॉस्पिटलांना रेडिओलॉजिस्ट पुरत नाहीत. इमर्जन्सी मेडिसिनचं तर ताजं आहे. २०२१ मध्ये त्यांच्याच संघटनेच्या अहवालात आलं की २०३० पर्यंत जवळपास ८,००० डॉक्टर जास्तीचे होतील. वर कोविडचा शीण, आणि ‘बोर्डिंग’, म्हणजे वॉर्डात खाट नाही म्हणून दाखल झालेले पेशंट ईआरच्या कॉरिडॉरमध्ये दिवसदिवस पडून राहणं. २०२२ मध्ये २१९ जागा रिकाम्या राहिल्या, २०२३ मध्ये ५५४. सगळ्यांनी म्हटलं, शाखा बुडाली. २०२४ मध्ये रिकाम्या राहिल्या १३५.

रेसिडेन्सी तीन वर्षांची, पुढे फेलोशिप (उपशाखेचं शिक्षण) केलीस तर सहा. आजच्या बातमीवर निवडलेली शाखा तू प्रत्यक्ष कामाला लागेपर्यंत निराळीच झालेली असते. मुलं घाबरली की जागा रिकाम्या, जागा रिकाम्या म्हणून तुटवडा, तुटवडा म्हणून पगार आणि मागणी, मग पुन्हा गर्दी. हा रहाट फिरतच असतो.

पण याचा अर्थ पेडियाट्रिक्समध्ये सगळं आलबेल आहे असा नाही, आणि ते तुला सासऱ्यांनी सांगण्याआधी मीच सांगितलेलं बरं. पगार कमी आहे; डॉक्टरांच्या पगाराच्या कुठल्याही यादीत बालरोगतज्ज्ञ तळाशी सापडतात. देशातल्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त मुलांचा विमा मेडिकेडचा, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी योजनेचा, आणि मेडिकेड मेडिकेअरपेक्षाही कमी देतं. २०२५ च्या कायद्याने मेडिकेडला आणखी कात्री लावलीय. हॉस्पिटलं मुलांचे वॉर्ड बंद करून त्या खाटा मोठ्यांना देतात, कारण तिथे पैसा आहे. २००८ ते २०१८ या दहा वर्षांत मुलांचे आंतररुग्ण विभाग जवळपास १९ टक्क्यांनी घटले. आणि एक विचित्र प्रकार: मोठ्यांच्या बाजूला फेलोशिप केली की साधारणपणे पगार वाढतो, इथे मुलांच्या एंडोक्राइनचे किंवा संसर्गरोगांचे तज्ज्ञ तीन वर्षं जास्त शिकून साध्या पेडियाट्रिशियनपेक्षा कमी कमावू शकतात. वॉर्डातल्या पेशंटचंच काम करायचं आणि त्याचं बोर्डही (शाखेचं तज्ज्ञ म्हणून प्रमाणपत्र) हवं, तर आता वेगळी दोन वर्षांची फेलोशिप.

आता हे ज्यांना टाळायचंय, ती अमेरिकन मुलं कोण, ते बघ. कॉलेजातून बाहेर पडताना यातल्या बहुतेकांच्या डोक्यावर कर्ज असतं, आणि ते सहज दोन लाख डॉलर्सच्या घरात असतं. पगाराच्या तक्त्यात खालची ओळ निवडताना त्यांचा हात थरथरतो, आणि ते साहजिक आहे. तुझ्या डोक्यावर तसलं कर्ज नाही. जागा रिकाम्या राहण्यामागचं सगळ्यात वजनदार कारण तुला लागूच होत नाही. दुसऱ्याच्या कर्जाची भीती तू का वाहतेस?

मग ठरवायचं कशावरून? मी शाखा निवडणाऱ्या मुलांना एक प्रश्न विचारते: कुठली कटकट तुला कमी टोचते? आवड सगळेच सांगतात, इंटरव्ह्यूत तर फारच. कटकटीवरून माणूस कळतो. मेडिसिनच्या वॉर्डात सकाळी साडेसहाला तू संगणकापुढे असशील. दाखल झालेल्या आजोबांची १९ औषधं. घरून आणलेली यादी वेगळी, फार्मसीची वेगळी, आणि आजोबा म्हणतात, “ती पांढरी गोळी मी कधीच सोडली.” त्या एकोणीसमधली कुठली चालू, कुठली बंद, हे उकलण्यात तास जातो. मला ते उकलायला अजूनही आवडतं; कोडं सुटल्यासारखं वाटतं. पेडियाट्रिक्सच्या ओपीडीत पेशंट एक, पण खोलीत माणसं तीन. बाळ कानात दुर्बीण घालू देत नाही, आई दोन रात्री झोपलेली नाही, आजीचं म्हणणं आहे की दात येतायत. कान बघायला अर्धं मिनिट लागतं, आणि आईला धीर द्यायला दहा. संध्याकाळी घरी मूल झोपल्यावर इनबॉक्समधले पालकांचे निरोप आणि अर्धवट नोट्स. इथे त्याला ‘पजामा टाइम’ म्हणतात. यातलं कुठलं ओझं वाटतं आणि कुठलं फक्त काम वाटतं?

पेडियाट्रिक्सचा विषय निघाला तेव्हा पत्रातलं तुझं वाक्य ‘मन ओढतं’. मेडिसिनबद्दल पूर्ण पत्रात तुझं स्वतःचं एकही वाक्य नाही. जे आहे ते सासऱ्यांचं आणि नवऱ्याचं. मला एवढं पुरे आहे.

कार्डिओलॉजीचंही जरा बोलू. मेडिसिन तीन वर्षं, मग परत एक मॅच, मग आणखी तीन वर्षं, आणि ती रांग भरपूर लांब आहे. मेडिसिन केलेल्या पुष्कळ जणांचं शेवटी होतं माझ्यासारखं, हॉस्पिटलिस्ट, म्हणजे फक्त हॉस्पिटलात दाखल पेशंट बघणारा डॉक्टर. मला तक्रार नाही, पण मेडिसिनला नुसता कार्डिओलॉजीचा बोळ समजून शिरलेली मुलं मधल्या तीन वर्षांत फार कुढतात. उलट मुलांचं हृदयही पेडियाट्रिक्समधून शिकता येतं. सासऱ्यांना सांग, कार्डिओलॉजी दोन्हीकडे आहे!

नव्या प्रोग्रामबद्दल. पैसा गोठवलेला असूनही जागा वाढत गेल्या, याचं एक कारण हेच. ज्या हॉस्पिटलने आधी कधी रेसिडेंट शिकवले नाहीत, त्याला पहिल्यांदा प्रोग्राम सुरू करताना मेडिकेअरचा कोटा नव्याने बांधता येतो. म्हणून छोट्या शहरांतून नवेनवे प्रोग्राम उगवले. आपल्यासारख्यांना ते दार उघडं असतं, आणि काही उत्तमही असतात. पण विचार: एसीजीएमईची (रेसिडेन्सींना मान्यता देणारी संस्था) मान्यता अजून ‘इनिशियल’, म्हणजे सुरुवातीची आहे का? मुलांचा आयसीयू स्वतःचा आहे, की रोटेशनला दीड तास गाडी चालवायची? पहिल्या बॅचमधलं कुणी सोडून गेलं का, आणि का? शेवटचा प्रश्न रेसिडेंटला फोनवर विचार, प्रोग्राम डायरेक्टरला नको. हॉस्पिटलच्या तब्येतीकडेही बघ. २०१९ मध्ये फिलाडेल्फियाचं हानेमान हॉस्पिटल बंद पडलं तेव्हा साडेपाचशेहून जास्त रेसिडेंट आणि फेलो रस्त्यावर आले, आणि ते काही नवं नव्हतं, शंभराहून जास्त वर्षांचं होतं. तेव्हा नवं म्हणजे धोका आणि जुनं म्हणजे भक्कम, असंही धरू नकोस. उत्तरं समाधानकारक वाटली तर यादीत घाल, पाचव्या नंबरावर का असेना. रिकाम्या हाताने राहण्यापेक्षा तिथे जायची तयारी असेल तरच, हे लक्षात ठेव. मॅच झालं की ‘नको’ म्हणता येत नाही.

मूल अडीच वर्षांचं आहे म्हणून तासांचंही सांगते. नियम आठवड्याला ८० तासांचा, चार आठवड्यांच्या सरासरीने, आणि सलग २४ तासांवर हस्तांतरणासाठी वर चार. ८० तासांची ही मर्यादा २००३ पासून आहे. त्यामागे १९८४ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉस्पिटलात दगावलेली १८ वर्षांची लिबी झायन आणि तिच्या पत्रकार वडिलांनी केलेला पाठपुरावा आहे. आमच्या वेळी हा नियमच नव्हता. मी सिग्नलला उभ्या गाडीत झोपलेय. कागदावर ८० सगळीकडे सारखे, प्रत्यक्षात नसतात. ‘मागच्या महिन्यात तू खरे किती तास भरलेस’ हे रेसिडेंटला विचार आणि उत्तर द्यायला तो किती वेळ घेतो ते ऐक. जुलै २०२२ पासून रेसिडेन्सीत निदान एकदा सहा आठवड्यांची पगारी रजा, बाळंतपण किंवा घरच्यांच्या आजारपणासाठी, द्यावीच लागते. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर हे माहीत असू दे.

लायसन्सचा तो व्हॉट्सॲप फॉरवर्ड अर्धा खरा आहे. टेनेसीने २०२३ मध्ये तसा कायदा केला, मागोमाग इतर काही राज्यांनीही. पण टेनेसीचा कायदा परदेशात रेसिडेन्सी पूर्ण केलेल्या किंवा काही वर्षं प्रॅक्टिस केलेल्या डॉक्टरांसाठी आहे. तू इंटर्नशिप करून आलीस, तुझा त्यात नंबर लागत नाही. लागला असता तरी राज्याचं लायसन्स वेगळं आणि बोर्ड वेगळं. बोर्डाशिवाय बहुतेक हॉस्पिटलं आणि विमा कंपन्या दारात उभं करत नाहीत.

आणि आता ते, जे तू विचारलंच नाहीस, आणि ज्याची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. तुझ्याकडे ईएडी आहे, म्हणजे प्रोग्रामला तुझ्यासाठी व्हिसा काढायची गरज नाही. हे फार मोठं भाग्य आहे. उद्या एखादा प्रोग्राम सहज म्हणाला, “आम्ही सगळ्यांना जे-१ व्हिसा देतो, तूही घे,” तर लगेच मान हलवू नकोस. डॉक्टरांच्या जे-१ ला दोन वर्षं मायदेशी जाऊन राहण्याची अट असते. ती पुरी होईपर्यंत किंवा माफ होईपर्यंत नवऱ्याच्या रांगेतूनही तुला ग्रीन कार्ड मिळत नाही. माफीचा मुख्य रस्ता कॉनराड योजनेचा: डॉक्टर कमी असलेल्या भागात तीन वर्षं नोकरी, आणि प्रत्येक राज्याला वर्षाला फक्त ३० जागा. जमतं ते, माझ्या ओळखीत खूप जणांनी केलंय, पण गरज नसताना ती दोरी गळ्यात कशाला?

ईएडीलाही एक काटा आहे. पूर्वी नूतनीकरणाचा अर्ज टाकला की जुनं कार्ड आपोआप ५४० दिवसांपर्यंत पुढे चालायचं. ३० ऑक्टोबर २०२५ पासून टाकलेल्या अर्जांना ती सोय नाही. कार्ड संपलं आणि नवं हातात नाही, तर त्या दिवसापासून तुला वॉर्डात पाऊल टाकता येणार नाही, मग तुझ्या नावावर त्या रात्रीची कॉल ड्यूटी असो. अर्ज मुदत संपायच्या १८० दिवस आधीपासून टाकता येतो. तुझ्या कार्डावरची तारीख आजच बघ आणि ती तारीख, नवऱ्याच्या एच-१बीची तारीख आणि १ जुलै ही रेसिडेन्सीची सुरुवात, अशा तिन्ही एका कागदावर लिहून इमिग्रेशनच्या वकिलाकडे घेऊन जा. अर्ध्या तासाची फी जाईल, जाऊ दे.

यादीचं माझ्यापुरतं सांगायचं तर: आधी चार पेडियाट्रिक्स, तुला रेसिडेंट जिथले आवडले त्या क्रमाने. मग नवा प्रोग्राम किंवा मेडिसिन, यातलं आधी कोण ते तुझं तू ठरव. त्यात मला पडता येणार नाही. नुसतं सेव्ह करून भागत नाही, ‘सर्टिफाय’ दाबावं लागतं, आणि नंतर काही बदललंस तर पुन्हा दाबावं लागतं. शेवटच्या दिवसाची वाट बघू नकोस. मुलगा झोपला की कर, आणि मग तो कागद फाडू नकोस.